सात शब्द आणि तीन टाचण्या

आमच्या गल्लीत एकदा अशी कुजबुज उठली होती, की टेलर मास्तरांनी भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून, एका परक्या बाईपुढे गुडघे टेकले. बाई स्टुलावर उभी होती आणि रुमालाने डोळे पुसत होती. मास्तर दोन्ही हात छातीवर ठेवून कसल्याशा अगम्य भाषेत तिची विनवणी करत होते. औषधवाल्याच्या बायकोने हे शटरच्या खालून वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भर दुपारी दुसऱ्याच्या शटरखाली वाकून बघायचं तिला काय कारण, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. चार वाजेपर्यंत बातमी सलूनमध्ये पोचली. सलूनवाल्याने तीत एक अंगठी घातली. अंगठीला खडा मी बसवला. कबूल करतो. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला बारीक कामाची खोड असते.

बासष्ट वर्षांचा माणूस, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली, पँटच्या उजव्या मांडीवर कायम खडूचे पांढरे ओरखडे, आणि त्याच्यावर हा आळ! पण मजा अशी, की मास्तरांना जितकं जवळून ओळखावं तितकी ही बातमी खरी वाटायची. ज्या गोष्टीची त्यांच्याकडून तिळमात्र अपेक्षा नाही, नेमकी तीच ते करून दाखवायचे. गल्लीने त्यांना ‘उलटा टाका’ म्हणायला सुरुवात केली ती उगीच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, जरा ढगळ शिवा," की मास्तर विचारणार, "का? तुम्ही काय गादी आहात?" दुसरं म्हणालं, "अंगाबरोबर शिवा," की त्याला, "का? जेवण सोडलंत?" एवढं होऊन कपडा मात्र असा बसायचा, की माणूस आरशापुढून हलायचा नाही.

दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. रस्ता ओलांडून सात पावलं. पुढे कापायचं लांब टेबल, त्याच्या डोक्याशी मशीन, भिंतीवर माणसाएवढा आरसा, आणि हुकांना टांगलेले बिनबाह्यांचे कोट. मागे निळा पडदा. पडद्याआड मास्तरीणबाई काजं-बटणं करत बसायच्या. त्या दिसायच्या नाहीत, ऐकू यायच्या. मास्तर पुढे एक वाक्य बोलले की पडद्यातून दोन यायची.

आणि मास्तरांच्या तोंडात टाचण्या असायच्या. कामाला लागतात म्हणून तर असायच्याच, पण काम नसतानाही असायच्या. काळजी वाटली की त्यांचा हात आपोआप टेबलावरच्या टाचणीच्या गादीकडे जायचा. गिऱ्हाईक ट्रायलला आलं नाही, तर एक टाचणी. कापड कमी पडलं, तर दोन. तीन म्हणजे प्रकरण काळजाशी भिडलेलं. पण हे गणित मला फार उशिरा सुचलं. तेव्हा कोणीच मोजत नव्हतं. टेलरच्या तोंडातल्या टाचण्या म्हणजे सलूनवाल्याच्या खांद्यावरचा टॉवेल. नेहमीच असतो, म्हणून कोणाला दिसत नाही.

मास्तरांना एकच लेक. ती समुद्रापलीकडच्या एका शहरात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथल्याच दवाखान्यात एक नर्स होता. हो, होता. जावई नर्स आहे ही गोष्ट पचवायला गल्लीला पंधरा दिवस लागले. मास्तरांना पंधरा सेकंद लागले. "बरं झालं," ते म्हणाले, "घरात कोणाला तरी टाके घालता येतील." जावयाच्या घरची भाषा टागालोग. त्याची आई तिकडे आपल्या गावी लहान मुलांचं पाळणाघर चालवायची. वडील नव्हते.

लग्न तिकडच्या कचेरीत झालं आणि आम्ही ते फोनवर पाहिलं. फोनची रेंज मास्तरांच्या दुकानात फक्त आरशासमोर यायची, म्हणून सगळं वऱ्हाड तिथे. मी, सलूनवाला, औषधवाला, त्याची बायको, सगळे एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होतो. फोनवरच्या एका चौकोनात नवरा-नवरी, दुसऱ्यात जावयाची आई, तिसऱ्यात आम्ही. मास्तरीणबाई विहिणीशी पस्तीस मिनिटं आपल्या भाषेत बोलल्या, विहीण तिच्या भाषेत उत्तरं देत राहिली, आणि दोघींनी योग्य त्या जागी डोळे पुसले. एक अक्षर कोणाला कळलं नसेल, पण काही राहिलं असंही वाटलं नाही. मास्तर मात्र स्टुलावर ताठ बसून होते. ओठ गच्च मिटलेले. दोनदा हात हलवला. संपलं.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. मी तिथेच होतो. कुठे जाणार?

"बाबा, तुम्हाला हा आवडला नाही का?"

"कोण म्हणतं?"

"सासूबाई. त्या म्हणतात, तुझे वडील पूर्ण वेळ ओठ दाबून बसले होते. एकदासुद्धा हसले नाहीत. त्यांना हे लग्न मान्य नाही, आमचं घर पसंत नाही. दोन दिवस धड जेवल्या नाहीत त्या."

"मी हसलो की!"

"नाही हसलात बाबा. फोटो आहे."

पडद्यातून आवाज आला, "मीही सांगते. नाही हसले."

लेक म्हणाली, "हे बघा, दोन महिन्यांनी त्या माझ्याकडे राहायला येणार आहेत. वाटेत आठ दिवस तुमच्याकडे उतरतील, एकट्याच. मी समजावून थकले. त्यांना ते तुमच्याकडून कळायला हवं. मनात ही अढी घेऊन त्या माझ्या घरात आल्या, तर मला त्यांच्या नजरेला नजर देता येणार नाही."

फोन ठेवल्यावर मास्तर बराच वेळ कात्री उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, "घड्याळवाले, मी त्यांची भाषा शिकणार."

"दोन महिन्यांत?"

"सगळी कशाला? लागेल तेवढी."

लेकीने उत्साहाने यादी पाठवली: सुप्रभात, आभारी आहे, प्रवास कसा झाला, पाणी हवंय का. उलट्या टाक्याने ती यादी बाजूला सारली. "हे काय शिकायचं? पाणी हवं का, हे पेला दाखवून विचारता येतं. बसा म्हणायला खुर्ची आहे. झोप, भूक, ऊन, सगळं हातांनी करून दाखवता येतं. पण मी, तू, आपण, हे दाखवायचं कसं? माणसाकडे बोट केलं की भांडण होतं. मला तेवढेच शब्द हवेत."

"म्हणजे फक्त सर्वनामं?" लेक हसायला लागली. "बाबा, जगात कोणी अशी भाषा शिकत नाही."

"जगाचं माप मी घेतलेलं नाही."

शिकवायचं जावयाने ठरलं. त्याच्या आईला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. त्याच्या जेवणाच्या सुट्टीला आमच्याकडे तीन वाजलेले असायचे. दुपारी तीनला मास्तर आरशासमोर, मी बाकावर, मास्तरीणबाई पडद्याआड. सासरे-जावई मिळून दोघांचं पाऊण इंग्रजी होत होतं, त्यातलं अर्धं जावयाचं.

पहिल्या दिवशी जावयाने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आको." मास्तरांनी मान डोलावली, खडूने टेबलावरच्या कापडावर लिहिलं, आणि त्या दिवसापासून आठवडाभर जावयाला प्रेमाने ‘आको’ अशी हाक मारली. त्यांना वाटलं, हे त्याचं घरातलं लाडकं नाव. आठव्या दिवशी लेकीने ऐकलं आणि ती खुर्चीवरून पडायची राहिली. "बाबा, आको म्हणजे मी! तुम्ही आठवडाभर त्याला ‘ए मी, ए मी’ करून बोलावताय!"

मास्तर मुळीच ओशाळले नाहीत. "मग तो ओ का देत होता?"

"सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून."

मग पुढची पंचाईत. जावई मास्तरांकडे हात करून म्हणायचा, "इकाव." म्हणजे तू. मास्तर स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायचे, "इकाव." जावई म्हणायचा, नाही, तुम्ही आको. मास्तर म्हणायचे, "आत्ता तर तू आको होतास!" हे तीन दिवस चाललं. माझी हसून हसून पुरेवाट झाली. इतर सगळे शब्द शिकवणाऱ्याच्या मागोमाग म्हटले की येतात. हे दोनच असे की मागोमाग म्हटले की चुकलेच.

चौथ्या दिवशी मास्तर कोटाचे पुढचे दोन भाग कापत होते. डावा कापला, कागद उलटा केला, उजवा कापायला घेतला, आणि हात थांबला. आरशाकडे बघितलं. "अरेच्चा," ते म्हणाले, "चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला आरशात बघून मापं घेतली. त्याचं उजवं ते माझं डावं. आको हे माणसाचं नावच नाही. ज्याच्या अंगावर असेल त्याचं." आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच्या छातीवर थाप मारली, "आको!" आरशातल्या मास्तरांना हात केला, "इकाव!" पुन्हा आको, पुन्हा इकाव, आणि हे पंधरा मिनिटं. औषधवाल्याची बायको तेव्हा विजारीची चेन बदलून न्यायला आली होती. ती दारातूनच परत गेली. पहिलं बी तिथे पडलं.

पुढचा शब्द ‘सिया’. जावयाने आधी दाखवला एका पुरुषाचा फोटो, मग एका बाईचा. दोन्हीकडे हात करून तेच: सिया. मास्तरांनी लेकीला फोन लावला. "हा गोंधळ करतोय. तो म्हणजे सिया की ती म्हणजे सिया?"

"दोन्ही, बाबा. त्यांच्यात तो-ती वेगळं नाही."

मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे बटणांची भानगडच नाही! पुरुषाचं उजवीकडे, बाईचं डावीकडे... काही नाही! एकच शर्ट घालायचा दोघांनी!" पडद्यातून आवाज आला, "मग माझी निम्मी काजं वाचतील. त्यांच्याकडेच शिवायला टाका."

‘सिला’ म्हणजे ते सगळे. जे बोलण्यात आहेत पण बोलायला हजर नाहीत. मास्तरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "घड्याळवाले, हा तुमच्यासाठी केलेला शब्द. तुम्ही आणि सलूनवाला दिवसभर ज्यांच्याबद्दल बोलता ते सिला."

‘कायो’वर मात्र खरं घोडं अडलं. कायो म्हणजे तुम्ही. अनेकांना तर म्हणायचंच, पण मोठ्या माणसाला एकट्यालाही मानाने कायो म्हणायचं. मास्तर म्हणाले, "कळलं. म्हणजे अहो." जावयाने समजावलं: मी तुम्हाला कायो म्हणणार, तुम्ही मला इकाव म्हणायचं. मास्तरांनी खडू खाली ठेवला. "जावयाला अरे-तुरे? माझ्याच्याने व्हायचं नाही." जावई गयावया करायला लागला. माझ्याहून मोठ्या माणसाने मला कायो म्हटलं तर मला लाज वाटते हो. मास्तर म्हणाले, "मला इकाव म्हणताना वाटते, तिचं काय?" शेवटी दोघंही एकमेकांना कायो म्हणत राहिले. दवाखान्याच्या जेवणघरात जावयाचे सोबती त्याला हसायचे, इकडे आम्ही मास्तरांना.

राहिले दोन. कामी आणि तायो. लेकच समजवायला बसली होती. "बाबा, त्यांच्याकडे ‘वुई’ला दोन शब्द आहेत. इथले डॉक्टर नर्सांकडून ही भाषा शिकताना सहा-सहा महिने डोकं आपटतात, तरी त्यांना कुठला कधी वापरायचा कळत नाही. कामी म्हणजे बोलणारा आणि त्याची माणसं, पण समोरचा सोडून. तायो म्हणजे समोरच्यालाही धरून."

मास्तरांनी दोन्ही शब्द खडूने कापडावर लिहिले. मग म्हणाले, "आम्ही आणि आपण."

"तेच!"

"हे डॉक्टर लोक यात सहा महिने घालवतात?" मास्तर इतके हसले की चष्मा काढावा लागला. "अगं ए, ऐकलंस का? इतका समुद्र ओलांडून बघायला गेलो, तर आपल्याच फडताळातली वाटी तिथे!" मास्तरीणबाई सुई-दोऱ्यासकट पडद्याबाहेर आल्या. त्या बाहेर येणं म्हणजे विशेषच.

झाले सात शब्द. मास्तर ते येता-जाता घोकायचे, आणि विसरू नयेत म्हणून टेबलावर जे कापड असेल त्याच्या उलट्या बाजूला खडूने लिहायचे. इस्त्री फिरली की खडू उडतो. पण घाईत एखाद्या कपड्याच्या आतल्या पट्टीला इस्त्री लागत नाही. पोस्टातले कारकून एक दिवस नवी विजार घडी करून घेऊन आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, कमरपट्टीच्या आत ‘सिया’ लिहिलंय. आमची ही विचारतेय, ही कोण?"

"ही नाही," मास्तर म्हणाले, "तीसुद्धा असू शकते आणि तोसुद्धा."

कारकून जे गेले, ते घरी काय सांगावं या विचारात तासभर पोस्टाच्या पायरीवर बसून राहिले. दुसरं बी तिथे पडलं.

आणि विहीणबाई आल्या. बुटकी, गोल चेहऱ्याची, चटपटीत बाई. हातात एक बॅग, दुसऱ्या हातात रंगीत कागदात बांधलेली भेट. मास्तरांनी दोन महिने या क्षणाची तयारी केली होती. नवा शर्ट स्वतः शिवला होता. दुकानालगतच्या घराच्या दारात उभे होते. मी माझ्या दुकानातून बघत होतो, हातातलं घड्याळ उघडं टाकून. विहीणबाईंनी वाकून मानाने काहीतरी म्हटलं, भेट पुढे केली. मास्तरांनी ती घेतली. आणि त्यांची अशी दातखीळ बसली, की सातातला एक शब्द बाहेर येईना. नुसते उभे. ओठ गच्च मिटलेले. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूच उतरलं. त्यांनी पायातल्या चपला नीट एका रेषेत ठेवल्या आणि मास्तरीणबाईंच्या मागोमाग आत गेल्या.

मास्तर मला म्हणाले, "घड्याळवाले, त्या ‘कामी’ म्हणाल्या. मी ऐकलं. आम्ही. आम्ही तुमचे आभारी, असं काहीतरी असेल. पण आम्ही."

"मग भेट देताना दुसरं काय म्हणणार?" मी म्हणालो.

"ते बरोबर आहे हो. पण टोचलं."

दोन दिवस घरात असं वातावरण, की जणू नवी चादर घातलेल्या पलंगावर कोणाला बसवत नाही. विहीणबाई मोजकं जेवायच्या, मोजकं हसायच्या. मास्तर सकाळी उठून दुकानात पळायचे. रात्री लेकीचा फोन यायचा, तेव्हा हे न्हाणीघरात. मास्तरीणबाईंची कुठलीच अडचण नव्हती. त्या आपल्या बोलत होत्या. पण त्यांनाही दिसत होतं, की आणखी सहा दिवसांत ही बाई हीच अढी घेऊन लेकीच्या घरी जाणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव टाकला. विहीणबाईंच्या एका चांगल्या झग्याची खालची दुमड उसवली होती. फुलाफुलांचा, निळा झगा. तो ठेवणीतला होता. सुनेच्या घरी पहिल्यांदा जाताना घालायचा म्हणून जपून आणलेला. मास्तरीणबाईंनी तो त्यांना घालायला लावला आणि हाताला धरून दुपारी दुकानात आणलं. "अहो," त्या मास्तरांना म्हणाल्या, "हिची दुमड सारखी करा. मला काजं आहेत." आणि पडद्याआड गेल्या. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं. मास्तरांनी आजवर सांगितलेलं नाही.

मास्तरांनी स्टूल पुढे सरकवलं आणि हाताने खूण केली. विहीणबाई चढून उभ्या राहिल्या. मास्तर खाली बसले, लाकडी पट्टी जमिनीला लावली, आणि तोंडात मूठभर टाचण्या धरल्या. आता काम होतं. कामात मास्तरांचा हात कधी थरथरत नाही. पट्टी लावायची, खडूची खूण, तोंडातून एक टाचणी काढायची, कापडात घालायची, गुडघ्यावर एक पाऊल सरकायचं. विहीणबाई वरून बघत होत्या. एक टाचणी निघाली. दुसरी. तिसरी. चौथ्या टाचणीला त्या एकदम "आ!" म्हणाल्या.

मास्तर दचकले. टोचली की काय?

विहीणबाईंनी झग्याच्या खिशातून फोन काढला, भराभर बोटं फिरवली, आणि एक फोटो काढून मास्तरांच्या नाकासमोर धरला. लग्नाच्या दिवसाचा. तिसरा चौकोन. स्टुलावर ताठ बसलेले मास्तर, मिटलेले ओठ. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा. मास्तरांच्या ओठांच्या कोपऱ्यात तीन बारीक चमकते ठिपके होते.

विहीणबाईंनी फोटोकडे बोट केलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे. मग स्वतःचे ओठ घट्ट दाबून मास्तरांसारखा चेहरा केला आणि विचारलं, "कायो?"

मास्तरांनी चष्मा सारखा करून फोटो बघितला. चाळीस वर्षांत त्यांना या सवयीचं कोणी सांगितलं नव्हतं. स्वतःच्या लेकीच्या लग्नात आपण तोंडात टाचण्या धरून बसलो होतो, याचा त्यांना पत्ताच नव्हता! हसणार कसं? तीन टाचण्या तोंडात धरून हसून बघा एकदा. आणि परवा दारातही तेच. त्यांनी नव्या शर्टाच्या खिशावर हात मारला. चार टाचण्या खिशाला टोचलेल्या होत्या, जिथे त्यांनी त्या दिवशी काढून ठेवल्या होत्या.

मास्तरांनी तोंडातल्या सगळ्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि बाजूला ठेवल्या. बाहेर आल्या टाचण्या, आणि त्यांच्यामागून शब्दही.

"आको," ते म्हणाले, आणि दोन्ही हात छातीवर ठेवून ते धडधडल्यासारखे हलवून दाखवले. मग हात थरथरवले, डोळे मोठे केले, गादीतून टाचणी काढून ओठात धरायची नक्कल केली. एक, दोन, तीन. "आको," पुन्हा छाती, पुन्हा धडधड. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला एवढं पुरे होतं. घाबरलेलं पोर अंगठा तोंडात घालतं, हे तिने आयुष्यभर बघितलेलं. ती जी हसायला लागली, ती थांबेना. स्टुलावर उभी, कापडात अर्ध्या टाचण्या, खाली उतरता येत नाही, आणि डोळ्यांतून पाणी वाहतंय. मास्तर खालून परत परत ‘आको’ करून सांगताहेत, आणि ती दर वेळी नव्याने हसतेय.

मग मास्तरांनी उघडा तळहात फिरवला. फोटोतल्या नवरा-नवरीवरून, विहीणबाईंवरून, पडद्यावरून, स्वतःवरून. "कामी," म्हणाले आणि मान जोरात हलवली, ते नको. "तायो."

विहीणबाईंनी हसणं थांबवून त्यांच्याकडे बघितलं. मग टाळ्या वाजवल्या, जशा तीन वर्षांच्या मुलाने बूट स्वतः घातल्यावर वाजवतात तशा.

पडद्यातून आवाज आला, "मला धरलंय ना त्यात?"

त्याच क्षणी, औषधवाल्याच्या बायकोचं डोकं शटरखाली होतं.

पुढचे पाच दिवस आम्ही गल्लीत जे पाहिलं ते सांगायला मला वेगळं पुस्तक लागेल. मास्तर विहीणबाईंना गाव दाखवत फिरत होते, सात शब्दांत. फळवाल्याकडे बोट, "सिया," नाक दाबून, म्हणजे हा सडकी फळं विकतो. सलूनकडे बोट, "सिला," हाताची बोटं जिभेसारखी वळवळवून, म्हणजे इथे नुसत्या चकाट्या पिटतात. विहीणबाईंना सगळं कळायचं. मास्तरांनी माझ्याकडे बोट करून कोणती खूण केली ते मी लिहिणार नाही.

अफवा एव्हाना फिरून मास्तरीणबाईंपर्यंत पोचली होती. औषधवाल्याची बायको डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याजवळ बसली. "वहिनी, तुमच्या जागी मी असते तर..."

"तर काय?"

"तुमचे हे गुडघ्यावर बसले होते हो, त्या बाईपुढे!"

"मग?" मास्तरीणबाईंनी दोरा दाताने तोडला. "माझ्यापुढे चाळीस वर्षांत बसले नाहीत. कसे दिसतात ते बघायला मी पडदा बाजूला करून ठेवला होता."

जायच्या दिवशी विहीणबाईंनी निळा झगा घातला. दुमड अशी सरळ, की पट्टी लावून बघावी. मला बोलावून फोटो काढायला लावला. आरशासमोर तिघं: मधे मास्तर, दोन बाजूंना दोघी. मी म्हणालो, हसा. तिघांनी एकदम ओठात तीन-तीन टाचण्या धरल्या आणि भुवया आवळून असे चेहरे केले, की जणू लग्न मोडायलाच आलेत. मास्तरांनी तो फोटो लगेच लेकीला पाठवला. दहा मिनिटांनी तिचा फोन आला. तिला बोलता येत नव्हतं, हसू आवरत नव्हतं. मास्तरांनी फोन विहीणबाईंच्या हातात दिला आणि न्हाणीघराकडे न जाता तिथेच शेजारी बसून राहिले.

आता त्या अफवेचं. मास्तर गुडघ्यावर बसले होते कारण झग्याची दुमड खाली बसूनच मोजतात. बाई त्यांची विहीण होती आणि ती हसत होती. शटर तीन महिन्यांपासून गंजून अर्ध्यावर अडकलेलं होतं. अंगठी नव्हती.